रस्त्यावरचा लाठीमार आणि ठाण्यातली मारहाण: या दोन केसेस एकात मिसळू नका

प्रश्न थोडक्यात असा: पीकविम्याच्या रकमेसाठी तहसील कचेरीवर मोर्चा निघाला. त्यात धाकट्या भावाला लाठ्या बसल्या. मग गाडीत घालून ठाण्यात नेलं, तिथं रात्री पुन्हा मारलं. डाव्या हाताचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभं केलं, जामीन झाला, पण सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा त्याच्यावरच आहे. ठाण्यात आमची तक्रार कुणी घेत नाही. 19 दिवस झाले. आता काही होऊ शकतं का?

ताई, होऊ शकतं. पण तुमच्या लिहिण्यात जी गोष्ट एका दमात आली आहे ती आधी दोन तुकड्यांत मांडा. गेली 22 वर्षं मी जिल्हा कोर्टात फौजदारी कामं करते, अधूनमधून खंडपीठातही जाते. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी बुडतात त्या बहुतेक वेळा याच घोटाळ्यात. ‘मोर्चात आणि ठाण्यात मारलं’ असं एकच वाक्य तक्रारीत येतं, आणि समोरची बाजू ठाण्यातल्या मारालाही मोर्चाच्या बंदोबस्ताचं पांघरूण घालते.

रस्त्यावर पोलिसांना बळ वापरायचा अधिकार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 148 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 129) सांगतं की बेकायदा जमावाला आधी पांगायचा हुकूम द्यायचा, तो मानला नाही तर बळ वापरता येतं. आणि याखाली केलेल्या कृतीबद्दल खटला भरायचा तर कलम 151 नुसार सरकारची मंजुरी लागते. तेव्हा रस्त्यावरच्या लाठीबद्दल तुम्हाला सिद्ध करावं लागेल की हुकूमच दिला नव्हता, किंवा लोक पांगत असताना, पळत असताना, खाली पडल्यावरही मारलं. हे अवघड आहे, अशक्य नाही. ठाण्यात मात्र पांगवायला जमाव कुठे असतो? दार बंद, माणूस एकटा, ताब्यात. तिथं 148 चा आधारच संपतो. म्हणून तुमची मुख्य केस ठाण्यातली आहे. रस्त्यावरची तिच्या मागे चालू द्या, पुढे नको.

हा फरक कागदाच्या आधी अंगावर दिसतो. लाठीचा वळ नीट पाहिला तर दोन समांतर लाल-निळ्या रेघा आणि मधे फिकट पट्टा असा असतो. न्यायवैद्यक शिकलेला डॉक्टर तो ओळखतो. पळणाऱ्या माणसाला लाठी पाठीवर, मांडीवर, पोटरीवर बसते. तळपायावर बसत नाही. तळव्यांना सूज, तळहाताला मार, दोन्ही दंडांवर बोटांचे ठसे हे माणूस धरून मारल्याचं लक्षण. आणि भावाच्या हाताचं कुठलं हाड मोडलं ते एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये बघा. कोपरापासून करंगळीच्या बाजूनं येणारं, अल्ना नावाचं हाड एकटंच मधोमध मोडलं असेल, तर डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केल्यानं ते मोडलं असावं असं डॉक्टर सांगू शकतात. पडून मोडलेला हात बहुधा मनगटाशी मोडतो. ‘पळापळीत पडला’ हे पोलिसांचं ठरलेलं उत्तर आहे, त्याला उत्तर या रिपोर्टमध्ये असू शकतं.

19 दिवसांत वळ गेले असतील. फोटो काढले होते का? नसतील तर हळहळत बसू नका, हाड अजून बोलतं. मोडलेलं हाड जुळताना त्याभोवती नवीन हाडाची गाठ धरते, आणि ती एक्स-रेवर दिसत असल्यामुळे मोड अंदाजे किती दिवसांची हे तज्ज्ञ सांगतो. जुनी फिल्म आणि आजची, दोन्ही जपा. सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं तर केसपेपर आणि एमएलसी (म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या दुखापतींच्या) रजिस्टरचा क्रमांक मिळवा. ‘पोलिसांची यादी (म्हणजे तपासणीसाठीचं पत्र) असल्याशिवाय एमएलसी करत नाही’ असं तालुक्याच्या दवाखान्यात सर्रास ऐकवतात, आणि ज्या ठाण्यानं मारलं त्याच ठाण्याची यादी आणणार कुठून! अशा वेळी दुखापत कशानं झाली हे डॉक्टरला निदान केसपेपरवर लिहायला सांगायचं. ‘पोलिसांनी मारल्याचे रुग्ण सांगतो’ एवढी एक ओळ पुढे सोन्याची ठरते. खासगी डॉक्टरचा कागदही पुरावा असतो. फक्त त्याला साक्षीला यावं लागतं, आणि त्याला तेच नको असतं.

अटकेतल्या माणसाची वैद्यकीय तपासणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 नुसार सक्तीची आहे आणि तिची प्रत त्याला मिळायला हवी. तुमच्या भावाची ती नक्की झाली असणार, बहुधा ‘ताज्या जखमा नाहीत’ असा शेरा मारून. हा कागद तुमच्या विरोधात आहे असं समजू नका. त्याच दिवशीचा एक्स-रे हाड मोडल्याचं दाखवत असेल, तर तो खोटा शेराच तुमचा पुरावा झाला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्यांदा उभं केलं तेव्हा काय झालं? ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असा प्रश्न त्या वेळी विचारला जातो आणि उत्तर नोंदवलं जातं. दहातले आठ जण ‘नाही’ म्हणतात. रात्रभर ज्यानं मारलं तोच हवालदार पाठीमागे उभा असतो, आणि पुन्हा त्याच गाडीतून परत जायचं असतं. माझ्या वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एका पोराला मी कोर्टाच्या व्हरांड्यात दोनदा बजावलं होतं, ‘सांग, शर्ट काढून दाखव’. आत गेल्यावर तो म्हणाला, ‘काही तक्रार नाही साहेब’. पुढे चार वर्षं आम्ही त्या एका वाक्याशी झगडलो आणि हरलो. तेव्हापासून मी उत्तर अशिलावर सोपवत नाही. वकीलपत्रासोबत मारहाणीचा लेखी अर्ज आणि वैद्यकीय तपासणीची मागणी आधीच जोडते.

म्हणून उद्याच नक्कल विभागात अर्ज करा आणि रिमांड अहवाल, त्या दिवशीचा रोजनामा (कोर्टात काय झालं त्याची नोंद), अटक पंचनामा, वैद्यकीय तपासणीचा कागद यांच्या प्रमाणित प्रती काढा. भावानं ‘तक्रार आहे’ म्हटलेलं असेल तर अर्धी लढाई झाली. ‘नाही’ म्हटलेलं असेल तर का म्हटलं, मागे कोण उभं होतं, गाडीत काय धमकी मिळाली हे शपथपत्रात आत्ताच लिहून ठेवा. उलटतपासणीत पहिल्यांदा सांगितलं तर ते बनाव वाटतं. अटकेची वेळही तपासा. मोर्चातून दुपारी उचललं आणि अटक रात्री दाखवली, असं फार वेळा होतं. मधले तास कागदावर नसतात, आणि मारहाण नेमकी त्याच तासांत झालेली असते. अटकेची कारणं सांगणं, नातेवाइकाला कळवणं, 24 तासांत हजर करणं हे संहितेत आहे. सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालातल्या 11 सूचनांमध्येही यातलं बरंच आहे. ‘आम्हाला फोन आला का, किती वाजता, कुणाचा’ हे तुमच्या मोबाइलमधून काढून लिहून ठेवा.

भावाला शांतपणे बसवून आणखी एक विचारा: मारताना काय विचारत होते? नुसत्या शिव्या होत्या, की ‘दगड कुणी मारला, नावं सांग’ असं काही? कबुली किंवा माहिती काढून घेण्यासाठी मारलं असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 चा गुन्हा होतो, आणि गंभीर दुखापत असेल तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या मारहाणीपेक्षा हे फार जड कलम आहे आणि तक्रारदार ते हमखास विसरतात. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच असते, त्यामुळे 117 तर आहेच. कोंडून ठेवल्याचं 127, लोकसेवकानं कायद्याची आज्ञा मोडल्याचं 198, खोटी नोंद केल्याचं 201. पण कलमांची जंत्री लावण्यापेक्षा घटना वेळेनिशी लिहा. कलमं कोर्ट लावतं.

तक्रार ठाण्यात घेत नाहीत तर तिथं चकरा मारू नका. तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा, एक प्रत कार्यालयात देऊन आवक शिक्का घ्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) ची ही पायरी आहे. ती वगळून थेट कोर्टात गेलात तर पहिल्याच तारखेला अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अधीक्षकांनी काही केलं नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे 175 खाली अर्ज. इथं 1 जुलै 2024 पासून एक नवी अडचण आली आहे. कर्तव्य बजावताना घडलेल्या कृतीबद्दल लोकसेवकाविरुद्ध तक्रार असेल, तर 175(4) नुसार मॅजिस्ट्रेट आधी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवतो आणि त्या लोकसेवकाचं म्हणणंही विचारात घेतो. अहवाल काय येणार ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून अर्जातच लिहायचं की ताब्यातल्या माणसाला मारणं हे कर्तव्यच नव्हे. रस्ता आणि ठाणं वेगळं करा असं मी सुरुवातीला म्हटलं ते इथं उपयोगी पडतं.

दुसरा मार्ग 223 खालच्या खासगी फिर्यादीचा. त्यात तपास सहसा पोलिसांकडे जात नाही. साक्षीदार तुम्ही आणायचे, मॅजिस्ट्रेट त्यांचे जबाब घेतो. पुरावा तुमच्या हातात असेल, म्हणजे डॉक्टर, एक्स-रे, त्या रात्री कोठडीत असलेले दोघे-तिघे, तर मला हा मार्ग जास्त आवडतो. वेळ लागतो, पण दोरी आपल्या हातात राहते. पोलिसांनीच पोलिसांचा तपास केला की ‘बी समरी’ येते, म्हणजे तक्रारच खोटी. मग तिच्याविरुद्ध हरकत घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यानंतर मंजुरीची भिंत. कलम 218 खाली, म्हणजे जुन्या 197 खाली, सरकारी मंजुरीशिवाय कोर्ट दखल घेत नाही असा आक्षेप नक्की येणार. सुप्रीम कोर्टाचा 2020 चा डी. देवराजा निकाल ते पुढे करतील. त्यात असं म्हटलं आहे की कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर मर्यादा ओलांडली तरी मंजुरी लागते, आणि ते प्रकरण ताब्यातल्या मारहाणीच्या आरोपाचंच होतं. हा निकाल तुमच्या बाजूचा नाही, हे वकिलानं तुम्हाला आधीच सांगायला हवं. मी दोन्ही करते: मंजुरी लागत नाही असा युक्तिवादही, आणि गृह विभागाकडे मंजुरीचा अर्जही. नव्या कायद्यात सरकारनं 120 दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. नव्या संहितेनं नागरिकाच्या हातात दिलेली ही मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक. पण घड्याळ अर्ज पोचल्यापासून चालू होतं, म्हणून पोच जपा.

आणि एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा: घटनेपासून सहा महिने. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 161 मध्ये पोलिसांच्या ‘कर्तव्याच्या आवरणाखाली’ केलेल्या कृतीबद्दल दावा किंवा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल करायची अट आहे. त्यानंतर खटल्यासाठी दोन वर्षांपर्यंतची सवड आहे, पण ती राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीनं. इतर कायद्यांच्या मुदती बघून निर्धास्त राहिलेले तक्रारदार, आणि वकीलही, या कलमावर आपटलेले मी पाहिले आहेत. ठाण्यातली मारहाण कर्तव्याच्या आवरणाखाली येतच नाही असा युक्तिवाद करता येतो आणि तो कोर्टांनी मानल्याचीही उदाहरणं आहेत. पण युक्तिवाद कशाला करायची वेळ आणायची? तुमच्याकडे पाच महिने आहेत. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावायचा असेल तर आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून तिथं घाई आणखी.

व्हिडिओबद्दल. गावातल्या ग्रुपवर फिरलेली क्लिप कोर्टात फार चालत नाही. ज्यानं चित्रण केलं त्याचा मूळ मोबाइल आणि मूळ फाइल हवी. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फाइल देणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक, लिहायचं असतं. तो माणूस साक्षीला येईल का, हे आज विचारा. फोन विकायच्या बेतात असेल तर थांबवा, हे मी थट्टेनं म्हणत नाही.

ठाण्यातले कॅमेरे: 2 डिसेंबर 2020 च्या परमवीरसिंग सैनी निकालात सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण 18 महिने जपायचं, आणि तशी सोय मिळतच नसेल तरी किमान वर्षभर. प्रत्यक्षात ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ठरलेलं. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली ती उगाच नव्हे. तरी अर्ज आजच द्या: ठाण्याला, अधीक्षकांना, माहिती अधिकारात, आणि चित्रण जपून ठेवण्याचा हुकूम मागणारा मॅजिस्ट्रेटकडे. चित्रण मिळालं नाही तरी ‘मागितलं होतं, दिलं नाही’ हे कागदावर येतं. माहिती अधिकारात त्या दिवशीचं बंदोबस्ताचं ड्युटी वाटप आणि स्टेशन डायरीचा उतारा पण मागा. ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांची नावं अंदाजानं घालू नका. ‘ओळख पटवू शकतो, नाव माहीत नाही’ असं लिहा. एक चुकीचं नाव, त्या रात्री रजेवर असलेल्या शिपायाचं, सगळी तक्रार पाडतं.

हायकोर्ट कधी? मॅजिस्ट्रेटचा मार्ग सोडून लगेच राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली हायकोर्टात जाऊ नका. ‘आधी तिकडे जा’ म्हणून परत पाठवतील. पण खालचे दरवाजे ठोठावून झाले, कागद भक्कम आहे, तर जरूर जा. परभणीत डिसेंबर 2024 मधल्या आंदोलनानंतर अटक झालेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यात औरंगाबाद खंडपीठानं 4 जुलै 2025 रोजी गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला, आणि राज्य सरकारनं त्याला दिलेलं आव्हान 30 जुलैला सुप्रीम कोर्टानं फेटाळलं. सरकार मृत्यूचं कारण आजार सांगत होतं, शवविच्छेदन अहवाल अनेक जखमा सांगत होता. शेवटी बोलला तो वैद्यकीय कागदच. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या भागातल्या असाल तर 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायची गरज नाही.

भरपाईची अपेक्षा माफक ठेवा. जम्मूतल्या कटऱ्याला 2007 मध्ये मोर्चेकऱ्यांना ताब्यात घेतल्यावर झालेल्या मारहाणीबद्दल अनिता ठाकूर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये भरपाई दिली. रक्कम लाख-दोन लाखांच्या घरात. तरी तो निकाल याचिकेत हवाच. जमाव आवरायला बळ वापरणं वेगळं आणि माणूस काबूत आल्यावर मारणं वेगळं, हा मुद्दा त्यात स्पष्ट आहे.

मानवी हक्क आयोगाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येतं, गंभीर दुखापत त्यांच्या कक्षेत येते. दोघांच्या हातात मुख्यतः शिफारस. पण त्यांच्या नोटिशीला पोलीस लेखी उत्तर देतात, आणि त्या उत्तरातली विसंगती पुढे कोर्टात कामाला येते. मी या अर्जांकडे तेवढ्याचसाठी बघते.

‘कुणाला शिक्षा होते का कधी?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात 10 माणसं गेली. आयोग बसला, अहवाल आला, आणि गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली ती मे 2009 मध्ये. म्हणजे 12 वर्षं. नंतर हायकोर्टातून त्याला जामीनही मिळाला. तेव्हा शिक्षा हे एकच ध्येय धरलंत तर दमाल. गुन्हा नोंद होणं, खातेनिहाय चौकशी लागणं, भावावरची केस पोकळ ठरणं, यातलं काय आधी हवं ते घरात बसून ठरवा.

भावावरच्या न्याय संहितेच्या 132 च्या, म्हणजे सरकारी कामात अडथळ्याच्या, केसबद्दल एकच सांगते, पण ठासून. ‘मी मोर्चात नव्हतोच, रस्त्यानं चाललो होतो’ असं त्यानं कुठंही म्हणू नये. घाबरून सगळे म्हणतात. मग एखाद्या फोटोत तो घोषणा देताना दिसतो आणि ठाण्यातली खरी मारहाणही खोटी वाटू लागते. शांततेनं, विनाशस्त्र जमायचा हक्क अनुच्छेद 19 नं दिला आहे. होतो, घोषणा दिल्या, दगड मारला नाही, एवढंच आणि खरं तेवढंच. जमावबंदी लागू होती का, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा आदेश कधी आणि कसा जाहीर केला, तेही मागवून घ्या.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. तुम्ही स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट नाही. पण फिर्यादी भाऊच असावा, तुम्ही साक्षीदार.

आणि लवकरच कुणीतरी घरी येईल. सरपंच, नात्यातला पोलीसपाटील, नाहीतर भावाच्याच संघटनेतला. ‘तुम्ही अर्ज मागे घ्या, आम्ही 132 काढून टाकतो.’ गुन्हा नोंद झाल्यावर तो काढून टाकायचा अधिकार ठाण्याला नसतो. आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय निघतात, पण तिथंही सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाची परवानगी लागते, तुमचा माफीनामा नाही. त्यांना चहा द्या, कोण आलं, कधी आलं, काय म्हणालं ते त्याच रात्री वहीत लिहा, आणि कोऱ्या कागदावर भावाची सही देऊ नका.